रीळ कुणाच्या हातात होतं

लग्नाला आठ वर्षं झाल्यावर हात्सुए तोबिताचा नवरा अचानक प्रसिद्ध झाला. त्याने स्वतः काही केलं नव्हतं. उनोहामा बंदरातून अठराव्या वर्षी बोटीने तोक्योला गेलेल्या मिसाओ तोगाशीचं ‘तिसरा धक्का’ हे गाणं रेडिओवर वाजलं आणि गावाने एका रात्रीत अर्थ लावून टाकला. गाण्यातली ‘मी’ म्हणजे मिसाओ, धक्क्यावर उभी. गाण्यातला ‘तू’ म्हणजे कोसाकु तोबिता, डोक्याला पांढरं फडकं बांधून टूनाच्या बोटीवर निघालेला. मिसाओ गेली त्याच वसंतात तो खरंच वर्षभरासाठी दूरच्या समुद्रावर गेला होता. मग काय हवं?

कोसाकुने कधी हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही. कुणी विचारलं की ग्लास फिरवायचा आणि म्हणायचा, “जुन्या गोष्टी आहेत हो.” एवढ्यावर त्याला पस्तीस वर्षं फुकट बियर मिळाली. आणि हात्सुए? ती ‘नंतरची’. मासे डबाबंद करायच्या कारखान्यात तिने चाळीस वर्षं माशांची पोटं फाडली, हिवाळ्यात बायकांना हात धुवायला गरम पाणी मिळावं म्हणून मालकाच्या दारात नऊ दिवस ठाण मांडलं आणि पाणी मिळवलं. पण बाहेरून आलेला प्रत्येक पाहुणा तिच्याकडे बघून हळूच म्हणायचा, हीच का ती बायको? ते गाणं लागलं की ती रेडिओ बंद करायची. शब्द तिने कधी धड ऐकलेच नव्हते.

ती सदुसष्ट वर्षांची असताना गावाने त्या गाण्याचा दगड उभारायचं ठरवलं. दगडावर गाणं कोरायचं, खाली बटण, दाबलं की गाणं वाजणार. शेजारी माहितीची पाटी. तिचा मजकूर आणि गाण्याचे शब्द सूचनांच्या फळीला लावून घरोघर फिरत होते. वाचायचं, शिक्का मारायचा, पुढच्या घरी द्यायचं. मजकुरात शेवटी लिहिलं होतं: ‘या गीतातील प्रियकर आजही याच गावात राहतो.’

म्हणजे आता दगडाशेजारी कायमचं. तिच्या मागेही लोक तिला नंतरचीच म्हणणार.

हात्सुएने फळी तीन दिवस घरात अडवून ठेवली. शाळा तिची नववीपर्यंत. पण मालकाचे करार वाचून तिला एक सवय लागली होती: कोण बोलतंय आणि कुणाला, हे आधी बघायचं. तिने ते गाणं तसंच वाचलं. चारच ओळींवर ती अडली:

तळहातात रीळ फिरत राहिलं,
गरम झालं, मग हलकं झालं.
डोक्याचं पांढरं फडकं तू सोडलं नाहीस,
मीही हाक मारली नाही.

चौथ्या दिवशी इसोगाई दारात आला. वाळवलेल्या माकुळांचा दुकानदार, दगड समितीचा अध्यक्ष.

“वहिनी, फळी अडकलीय म्हणे. तुमच्यापुढची सात घरं बोंबलतायत.”

“बोंबलू देत. तुमचा मजकूर खोटा आहे.”

“खोटा कसा? अहो, कविता असते ती. तोगाशीबाईंच्या कचेरीला पत्र टाकलं होतं. त्या म्हणतात, गाणं ऐकणाऱ्याचं.”

“मग मी ऐकणारीच आहे. बैठक बोलवा.”

“आता या वयात मत्सर बरा नव्हे, वहिनी.”

“मत्सर असता तर गाण्याच्या दुसऱ्याच वर्षी, दिवसभर ते वाजवणाऱ्या तुमच्या दुकानाची काच फोडली असती. बैठक बोलवा.”

बैठक रविवारी सकाळी सभागृहात झाली. चौदा माणसं, चहा, तांदळाच्या कुरकुरीत चकत्या. कोसाकु पुढच्या रांगेत, उद्घाटनासाठी शिवलेला नवा कोट घालून. बायको उभी राहिली तेव्हा त्याने चहात तोंड घातलं.

हात्सुएने गाण्यावर भाषण दिलं नाही. ती नवऱ्याकडेच वळली.

“अहो, तुम्ही किती वेळा या धक्क्यावरून निघालात?”

“बावीस.”

“बोट सुटताना निरोपाला बोटीपासून धक्क्यापर्यंत कागदी फिती धरतात ना? फितीचं मोकळं टोक कुणाकडे असतं?”

“धक्क्यावरच्या माणसाकडे.”

“आणि रीळ?”

सभागृहात कुणीतरी चकती चावत होतं, ते थांबलं. उनोहामातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट. बोट सुटते तसं रीळ फिरतं, तळहात भाजतो, मग नुसता पुठ्ठा उरतो. फक्त ती ओळ गाताना गावाने ती कधी विचारात घेतली नव्हती, कारण गोष्ट आधीच ठरली होती.

कोसाकुने कप खाली ठेवला. “रीळ निघणाऱ्याकडे,” तो म्हणाला. “बोटीवर.”

“तर गाण्यातली ‘मी’ बोटीवर आहे. ‘तू’ धक्क्यावर. मिसाओ निघाली त्या दिवशी माझा नवरा कुठे होता?”

“आमची बोट महिनाभर आधीच सुटली होती,” कोसाकु म्हणाला. त्याला कुणी इतकं विचारलं नव्हतं.

मागून एकजण पुटपुटला, “मग फडकं कुणाचं?”

“कारखान्यातल्या बायका काय बांधायच्या डोक्याला?” हात्सुए म्हणाली. “मिसाओची आई, तोयो, माझ्या शेजारी उभी राहायची. त्या दुपारी मुकादमाला न विचारता ती बाहेर गेली. अर्ध्या तासाने आली, मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या आणि संध्याकाळपर्यंत मासे फाडत राहिली. मी बघितलंय. शपथेवर नाही सांगत, पण माझ्या मते ‘तू’ ती आहे. पाटीवर तिचं नाव घाला.”

इसोगाईने मान खाजवली. “वहिनी, प्रियकर म्हटलं की बस भरून माणसं येतात. आई म्हटलं की…”

“बाईचं प्रेमातलं दुःख चालतं, तिचं कारखान्यातलं काम चालत नाही, असंच ना?”

बराच वाद झाला. शेवटी प्रियकराची ओळ काढायची, तोयोचं नाव घालायचं नाही, असं ठरलं. नऊ विरुद्ध पाच. हात्सुएने निम्मंच मिळवलं आणि ते तिला आवडलं नाही, हे तिने तिथेच सांगितलं.

घरी जाताना कोसाकु दोन पावलं मागे चालत होता.

“मी खरं सांगेन याची खात्री होती तुला?”

“नव्हती.”

“खोटं बोललो असतो तर?”

“मग मला घरी येऊन तुमच्याबद्दल विचार करावा लागला असता.”

तो पुढे येऊन तिच्या बरोबरीने चालू लागला. “पस्तीस वर्षं मी काहीच म्हटलं नव्हतं गं.”

“तेच तर,” हात्सुए म्हणाली.

उद्घाटनाला तो गेला, जुना कोट घालून, आणि मागच्या रांगेत तिच्या शेजारी उभा राहिला. वार्ताहराने विचारलं, तर त्याने सांगितलं की गाण्यातलं त्याला काही कळत नाही. तोयोबाईंबद्दल हवं असेल तर हिला विचारा.