झाकरीतले गुरू

गणपतीत या दूरच्या बेटावर आम्ही मराठी लोक घेर धरून झाकरी नाचतो, तेव्हा त्रियोले गावचे एक गृहस्थ नवख्याचा चुकलेला पाय स्वतःच्या हातांनी उचलून जागेवर ठेवतात. म्हणूनच माझ्या प्लेन दे पपाय गावात शर्ट शिवण्याचा लहानसा कारखाना काढल्यावर, गिऱ्हाईक कसे मिळवावे हे विचारायला मी त्यांच्या शर्टांच्याच मोठ्या कारखान्यात वारंवार गेलो. दर वेळी चहा आणि तेच हसू: "पा ट्राकासे, दादा! चिंता कशाला? होईल सगळं."

शेवटी मी कारखान्याला कुलूप लावले. तेव्हा मात्र ते प्रथमच माझ्या दारी आले. "दादा, मशिनी आम्हालाच द्या हं!"

संतापून मी कायदा चाळला. शिकवणे टाळणाऱ्याला गुन्हेगार ठरवणारे कलम कोठेही नाही.

यंदाही घेरात जागेवर ठेवायला त्यांनी माझा चुकलेला पाय धरला. मी तो सोडवून घेतला नाही.