चिंचेनं घासलेले दिवे

आमचे हे वेल्हे–भोर उतारूंची सर्व्हिस मोटार चालवायचे. सकाळी भोरला जायचं, संध्याकाळी वेल्ह्याला परत. रात्री गाडी आमच्याच दारात. लढाईचे दिवस होते, सुटे भाग कुठं मिळत नव्हते. गाडीचे पुढचे दिवे इतके मंद झाले होते, की अंधार पडला की हे मान बाहेर काढून गाडी हाकायचे. मोटारमालकाला सांगितलं तर तो म्हणे, "चंद्र आहे की वर!"

एका सुट्टीला ह्यांनी दिवे उघडले, काचा पुसल्या, आतल्या, बल्बामागच्या दोन वाट्या ओट्यावर ठेवल्या आणि आंघोळीला गेले. वाट्या काळवंडलेल्या. मला घासण्याचा भारी सोस. चिंच घेतली, राख घेतली आणि देवाच्या समया घासते तशा त्या घासून काढल्या. पिवळ्याधमक झाल्या! मी कौतुकाची वाट बघत दारात उभी.

हे आले, वाट्या बघितल्या आणि मटकन खाली बसले.

"अगं, पितळंवर चांदीचं पाणी व्हतं. त्येच तू काढलंस. आता उजेड पडायचा कसा?"

ओरडले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी वाट्या उचलल्या आणि गुपचूप परत बसवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या संध्याकाळी एक प्रवासी कंदील घेऊन पुढं चालला आणि मोटार त्याच्यामागून पावलापावलानं घरी आली. मोटारमालकानं बजावलं, आठ दिवसांत दिवे धड करा, नाहीतर दुसरा ड्रायव्हर बघतो. ह्यांना मोटारीशिवाय दुसरं काही येत नव्हतं, आणि हे सगळं माझ्या हातानं झालं होतं.

शेवटी मीच एके सकाळी गाडीत बसून भोरला गेले. तिथं एक म्हातारे मिस्त्री होते. हे टायर बघत होते तेवढ्यात मी मिस्त्रींना गाठलं.

"दादा, त्या वाट्या म्या घासल्या. ह्यांना बोल लावू नका. कायतरी करा."

मिस्त्री हसायलाच लागले. "आसं व्हय? कारभारी तर म्हनले, म्याच घासल्या, मलाच अक्कल न्हाई. मोटारमालकालाबी त्येच सांगितलंय त्यांनी."

मी वळून टायरपाशी वाकलेल्या ह्यांच्याकडं बघितलं. एवढा नावाजलेला ड्रायव्हर. भोरभर हसू करून घेतलं, आणि घरी अवाक्षर काढलं नाही.

मिस्त्रींनी कोपऱ्यातून मोडक्या लॉरीचे दोन अख्खे दिवे काढले. कुणाला न देता जपून ठेवलेले होते. दुपारपर्यंत बसवूनही दिले. "ह्यातल्या वाट्या निस्त्या मऊ फडक्यानं पुसायच्या बरं का, वैनी," म्हणाले. त्या माणसाचे उपकार मी अजून विसरलेले नाही.

परतताना मार्गासनीच्या पुढं दिवेलागण झाली. ह्यांनी खटका दाबला आणि रस्ता पार वळणापर्यंत उजळला. दगड, खड्डे, कडेची घाणेरीसुद्धा दिसली. घरात दिवा लागल्यावर जोडतात तसे गाडीतल्या सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले.

शेजारची म्हातारी मला ढोसून म्हणाली, "पोरी, दिवा तिकडं म्होरं हाय. तू डायवरकडं बघून काय हात जोडतीस?"

"ठाव हाय मला," मी म्हणाले, आणि हात तसेच ठेवले.