नावीन्य काय, ते थोडक्यात लिहा

फाइल मंजूर झाली की वर जाते, नामंजूर झाली की कपाटात. किस्सा मात्र दोन्ही वेळी माझ्याकडंच राहतो. इतक्या वर्षांत ते एवढे साठलेत की मैत्रिणी भेटल्या की आधी "ऑफिसात काय नवीन?" असं विचारतात, आणि मग माझ्या तब्येतीचं.

आमचं केंद्र छत्रपती संभाजीनगरात, एका कॉलेजच्या मागच्या इमारतीत, दोन खोल्यांचं. काम सांगायला सोपं आहे. छोट्या वर्कशॉपवाल्याला, कारागिराला काही नवीन बनवून बघायचं असेल, तर त्या प्रयोगासाठी सरकार अनुदान देतं. त्यासाठी तो अर्ज भरतो, समितीसमोर बोलतो, मग समिती त्याच्या जागेवर जाऊन वस्तू बघते. मी तिथं प्रकल्प सहायक. म्हणजे अर्ज वाचायचे, घाबरलेल्यांना धीर द्यायचा आणि समितीला वेळेवर जेवू घालायचं. समितीचे अध्यक्ष तौर सर. जन्मभर पॉलिटेक्निकमध्ये मशीन ड्रॉइंग शिकवून निवृत्त झाले. अर्ध्या शहरातले फिटर-टर्नर त्यांचे विद्यार्थी. समोर कुणी नकाशा ठेवला की सर आधी रेघ सरळ आहे का ते बघतात, प्रकल्प नंतर.

*

अर्जात एक रकाना आहे, 'बाजारातील स्पर्धक कोण?' लोक तिथं मोठमोठ्या कंपन्यांची नावं टाकतात. सोयगावहून भगवान सोनवणे नावाच्या माणसाचा अर्ज आला, कापूस वेचून झाल्यावर रानात उरणाऱ्या पऱ्हाट्या उपटणाऱ्या यंत्राचा. स्पर्धकाच्या रकान्यात त्यानं एकच शब्द लिहिला होता, 'मेव्हणा.' त्याखाली 'प्रकल्पातील संभाव्य धोके.' तिथंही 'मेव्हणा.'

मी फोन केला. "भगवानराव, हे काय लिहिलंय?"

"मॅडम, खरं तेच लिवलंय."

दोन दिवसांनी सोयगावहूनच दुसरा अर्ज आला. यंत्र तेच, पऱ्हाट्या उपटायचं. स्पर्धक कोण? 'दाजी.'

सरांनी दोघांना एकाच दिवशी बोलावलं. दोघं एकाच एसटीनं आले आणि बाकाच्या दोन टोकांना बसले. हळूहळू उलगडा झाला. यंत्र दोघांनी मिळूनच बनवायला घेतलं होतं. मधेच भांडण झालं, तेव्हा दाजीनं इंजिन उचलून नेलं आणि मेव्हण्यानं पऱ्हाटी धरणारा चिमटा. आता दाजीचं यंत्र चालत होतं पण उपटत नव्हतं, आणि मेव्हण्याचं उपटलं असतं पण जागचं हलत नव्हतं.

"एक अर्ज करा, नाहीतर दोन्ही नामंजूर," सर म्हणाले. दोघांनीही नकारार्थी माना हलवल्या. एकमेकांकडं न बघता.

पुढच्या आठवड्यात शोभाबाई आल्या. सोनवण्यांची बायको, म्हणजे त्या दुसऱ्याची सख्खी बहीण. मागं हे दोघं, एकानं इंजिनाचा नकाशा धरलेला, दुसऱ्यानं चिमट्याचा. बाईंनी नवा अर्ज टेबलावर ठेवला. अर्जदार त्या स्वतः.

"आणि हे दोघं?" सरांनी विचारलं.

"कामाला ठिवलेत," बाई म्हणाल्या. "भांडले की पगार कापणार."

*

शेंद्र्याला जगताप म्हणून एक गृहस्थ आहेत. जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, काही वर्षं तिथल्याच कारखान्यात नोकरी केली, मग स्वतःचं छोटं शेड टाकलं. यांच्या अर्जात जिथं तिथं 'गोपनीय.' नावीन्य काय? गोपनीय. उपयोग कुणाला? गोपनीय. कच्चा माल? गोपनीय. मोबाइल नंबरात एक आकडा कमी होता. मला वाटलं राहिला असेल. तो आकडा अंदाजानं लावत लावत सहाव्या फोनला ते सापडले, तर म्हणाले, "मुद्दामच दिला नव्हता. तुम्हाला कसा मिळाला?"

समितीसमोर आले ते वस्तू सोलापुरी चादरीत गुंडाळून.

"आधी मंजुरी द्या, मग चादर काढतो."

सर म्हणाले, "आधी चादर."

यात अर्धा तास गेला. शेवटी जगतापांनी पिशवीतून स्टॅम्प पेपर काढला. इथं जे दिसेल ते समितीचे सदस्य कुणालाही, कुठंही, कधीही सांगणार नाहीत, असा मजकूर. जेवायची वेळ टळून चालली होती. समितीतल्या तिघांनीही सह्या केल्या.

जगतापांनी चादर काढली. आत एक लाकडी खुर्ची होती. त्यांनी ती मधोमध उलटवली आणि तिची शिडी झाली.

समितीतल्या बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, ही आमच्या घरी आहे. दोन-तीन वर्षं झाली घेऊन."

जगतापांचा चेहरा एक क्षण पडला. मग त्यांनी स्टॅम्प पेपरची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"आसंल मॅडम," ते म्हणाले. "पण आता ते तुम्हाला कुणाला सांगता यायचं नाय."

*

एक अगदी छोटा. चिकलठाण्याकडं एकानं आवाज न करणारी पिठाची गिरणी बनवली होती. सगळी गिरणी चारी बाजूंनी जाड पेटीत बंद. आम्ही पोचलो तेव्हा मालक चहा सांगायला गेला होता, त्याचे वडील बसले होते. म्हातारबाबांनी हातानंच 'बघा' म्हणून खूण केली. आमच्यातल्या एका सदस्यांनी आवाज मोजायचं यंत्र आणलं होतं. त्यांनी ते पेटीला लावलं, मागून लावलं, पुढून लावलं.

"विलक्षण आहे," ते म्हणाले. "रस्त्यावरच्या रिक्षाचा आवाज जास्त येतोय." आणि त्यांनी आकडा लिहून घेतला.

तेवढ्यात मालक चहा घेऊन आला. "साहेब, दहा मिनिटं थांबा. लाइट आली की चालू करतो."

*

छावणीत हनीफचाचांची नानची भट्टी आहे. अर्ज त्यांच्या मुलीचा, शबानाचा. ती इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. तिनं एक डबा बनवला होता. त्याची तार भट्टीत सोडायची, ताव बरोबर आला की हिरवा दिवा लागतो, मग नान लावायचे. चाचा हे काम चाळीस वर्षं हातानं करतात. हात कोपरापर्यंत आत घालायचा, क्षणभर थांबायचं आणि ओळखायचं. त्या हातावर एक केस उरलेला नाही.

आम्ही गेलो. हिरवा दिवा लागला. शबाना म्हणाली, "सर, रेडी."

चाचांनी आत हात घातला. "अभी नक्को."

एक मिनिट गेलं. चाचा म्हणाले, "अब लगाओ."

आता खरं कोण? सरांनी ठरवलं की एक घाणा दिव्याप्रमाणं काढायचा, एक चाचांच्या हाताप्रमाणं, आणि दोन्ही खाऊन बघायचे. शेजारच्या हॉटेलातून नानबरोबर खायला खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा, आला. पहिल्या फेरीत समितीचं एकमत होईना. दुसऱ्या फेरीतही होईना. तिसऱ्या फेरीला अध्यक्षांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. त्या दिवशीच्या इतिवृत्तात मी लिहिलेलं वाक्य असं आहे: 'चाचणी एकूण चार वेळा घेण्यात आली व प्रत्येक वेळी निकाल समाधानकारक आढळला.'

शबाना मात्र रडकुंडीला आली होती. तिला उत्तर हवं होतं. चाचा तिच्याकडं बघत होते. मग सरांना बाजूला घेऊन म्हणाले, "साब, छोरी का मंजूर कर देव. मेरे बाद मेरा हाथ किसकू मिलनेवाला है?"

मंजूर झालं. आता त्या भागातल्या पाच-सहा भट्ट्यांवर तो डबा आहे. त्याला दोन बटणं आहेत. एकावर लिहिलंय 'ऑटो' आणि दुसऱ्यावर 'अब्बा.' दुसऱ्यात दिवा एक मिनिट उशिरा लागतो. कारागीर सगळे तेच दाबतात.

*

प्रभाकर वाघ हे आम्हाला भेटलेले सगळ्यांत प्रामाणिक अर्जदार. सीताफळाच्या बिया आपल्याकडं नुसत्या फेकल्या जातात. त्यांचं तेल काढून लोखंडाला लावलं तर गंज धरणार नाही, असं त्यांना वाटत होतं. अनुदान मिळालं. वर्षभर त्यांनी पत्र्याच्या पट्ट्यांना तेल लावलं, पावसात ठेवल्या, उन्हात ठेवल्या. वर्ष संपल्यावर एक दिवस पिशवी घेऊन आले आणि पट्ट्या माझ्या टेबलावर मांडल्या. तेल न लावलेल्या पट्ट्या जरा गंजल्या होत्या. तेल लावलेल्या पार खाल्ल्या गेल्या होत्या.

"फसलं मॅडम," ते म्हणाले. खाली मान घालून बसले. चहा दिला तर नको म्हणाले, जणू आता चहावरही त्यांचा हक्क राहिला नव्हता.

अडचण पुढंच होती. ऑनलाइन अहवालात प्रयोगाच्या निकालासाठी दोनच पर्याय आहेत, 'यशस्वी' आणि 'प्रगतिपथावर.' फसल्याची सोयच नाही. वरच्या ऑफिसला फोन केला, तर तिकडून उत्तर आलं, "प्रगतिपथावर टाका ना."

वाघ ऐकेनात. "मॅडम, प्रगती फक्त गंजाची झालीय. खोटं कसं लिहू?"

तीन महिने तो अहवाल तसाच पडून राहिला. दर सोमवारी वरून फोन, दर सोमवारी वाघांचा नकार. शेवटी सर माझ्या खुर्चीत बसले आणि एका बोटानं टाइप केलं: 'सीताफळाच्या बियांच्या तेलानं लोखंड अधिक वेगानं गंजतं, हे प्रयोगान्ती सिद्ध झालं. यशस्वी.'

वाघांनी ते दोनदा वाचलं. "हे खरंय," म्हणाले, आणि त्या दिवशी चहा घेतला.

महिन्याभरानं वरून पत्र आलं. प्रकल्प यशस्वी झाल्याबद्दल अभिनंदन, आणि यशोगाथेसाठी अर्जदाराचा उत्पादनासह फोटो पाठवावा. वाघांनी पाठवला. त्यात ते सगळ्यांत गंजलेली पट्टी छातीशी धरून उभे आहेत. फोटो यशोगाथांच्या पुस्तिकेत छापून आलाय.

*

आणि हा दत्ता शेळक्यांचा.

वाळूजला शेळके नवरा-बायको प्रेस मशीनचं छोटं शेड चालवतात. प्रेस म्हणजे खाली पत्रा ठेवायचा, पायानं पायडल दाबायचं, वरून जड ठोकळा आदळतो आणि पत्र्याला आकार येतो. पत्रा काढायला हात आत असताना पाय चुकून पडला, तर बोटं जातात. अर्जात 'गरज काय?' या रकान्यात लोक दोन-दोन पानं लिहितात. शेळक्यांनी एक ओळ लिहिली होती, 'मंडळींचं बोट गेलं.'

मंडळी म्हणजे बायको, मंदाताई. त्यांची उजवी तर्जनी दुसऱ्या पेरापासून पुढं नाही. लग्नानंतर त्या दुसरीकडं कामाला होत्या, तिथं गेली. त्यानंतर तीन वर्षं शेळके एकाच गोष्टीच्या मागं होते. हात आत असला, की पायडल कितीही दाबा, ठोकळा मधेच थांबला पाहिजे.

आम्ही त्यांच्या शेडवर गेलो, त्या दिवशी समितीत मुंबईहून आलेले एक तज्ज्ञ होते. शेळक्यांनी आत काकडी धरली आणि पायडल दाबलं. ठोकळा सुटला आणि अर्ध्यात थांबला. काकडी शाबूत. दहा वेळा केलं, दहाही वेळा शाबूत.

तज्ज्ञ म्हणाले, "शेळके, चांगलं आहे. पण हे उपकरण माणसांच्या हातासाठी आहे ना? हात हलतो, घामेजतो. काकडीवरून मी हाताबद्दल काय लिहून देऊ?"

बोलणं चूक नव्हतं. शेळके सेन्सरचं काहीतरी सांगायला लागले आणि अडखळले.

मंदाताई चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. त्यांनी तो बाकावर ठेवला, मशीनपाशी गेल्या आणि उजवा हात ठोकळ्याखाली घातला.

"दाबा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

आम्ही सगळे उठलो. सर म्हणाले, "ताई, हात काढा. असं चालत नाही."

त्यांनी सरांकडं पाहिलंसुद्धा नाही. "दाबा म्हणते ना."

"मंदा, हात काढ," शेळके म्हणाले. त्यांचा पाय पायडलवर होता. मग त्यांनी पाय काढून घेतला आणि मागं जाऊन खोक्यावर बसले.

मंदाताईंनी स्वतःचा पाय पुढं केला आणि पायडल दाबलं. ठोकळा सुटला. अर्ध्यात थांबला. त्यांनी आतच बोटं हलवून बघितली आणि पुन्हा दाबलं. पुन्हा थांबला. मग त्यांनी हात बाहेर काढला, पदराला पुसला आणि चहा वाटायला घेतला. मुंबईच्या तज्ज्ञांनी बशी मांडीवर ठेवली.

चहा झाल्यावर सरांनी विचारलं, "दत्ता, तू का नाही दाबलंस? शोध तुझाच ना?"

शेळक्यांनी कपाळ पुसलं. "सर, मशीन मीच बनवलीय ना," ते म्हणाले. "म्हणून."

मी रिकामे कप घेऊन मागं मोरीवर गेले. मंदाताई भांडी विसळत होत्या. मी विचारलं, "ताई, भीती नाही वाटली तुम्हाला?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"कशाची?" त्या म्हणाल्या. "मशीन यांनीच बनवलीय की."