कोयींची वरात

सुनीतीबाईंनी नंदकुमार सावर्डेकरांना पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा ते सोसायटीच्या गच्चीवर मांडी घालून आंब्याची कोय विंचरत बसले होते.

बाई कुरडया वाळत घालायला वर गेल्या होत्या. शाळेतून निवृत्त होऊन त्या दादरहून वाशीला राहायला आल्याला तेव्हा जेमतेम महिना झाला असेल. खालच्या मजल्यावरचे हे गृहस्थ न्हावा शेव्याला कुठल्याशा एजंटाच्या कचेरीत कारकून आहेत, एवढंच त्यांना ठाऊक होतं. समोर वर्तमानपत्रावर धुतलेल्या कोयी ओळीनं मांडलेल्या, हातात दात पडलेली फणी, आणि चेहऱ्यावर लेकीची वेणी घालणाऱ्या बापाची एकाग्रता.

"हे काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

"यांची दाढी फार गुंतलीय हो," ते कोयीकडे बघत म्हणाले.

जन्म शाळेत गेल्यामुळे उत्तर ऐकून लगेच हसायचं नाही, ही बाईंची सवय होती. त्या वाकल्या आणि बघतच राहिल्या. कोयीच्या केसरांची खरोखरच दाढी झाली होती. वर कलिंगडाच्या बियांचे दोन डोळे आणि शेंगेच्या टरफलाचं नाक. एखादा म्हातारा आत्ताच झोपेतून उठून पेपर मागेल असं वाटत होतं.

पुढे ओळख वाढली. कोय राखेनं घासायची, आठवडाभर उन्हात ठेवायची, मग जुन्या टूथब्रशनं आणि फणीनं सोडवायची, हे सगळं बाईंना कळलं. हापूसची कोय ते हातात धरत नसत. "हापूस टकला असतो. माणूस करायचा तर रायवळच हवा," असं त्यांचं मत होतं. कोयीला ते कधी कोरत नसत. ती फिरवून फिरवून बघायची आणि तिच्यात कोण आहे ते ओळखायचं. कधी पेपरवाला निघे, कधी ऑफिसातले साहेब.

"गावाहून लोक आंब्याच्या पेट्या आणतात, आमचे हे उष्ट्या कोयी आणतात," त्यांची बायको स्मिता म्हणे. पण पाहुण्यांसमोर शोकेसची काच आधी तीच पुसायची.

हौसेपायी एकदा मात्र पंचाईत झाली होती. सोसायटीच्या सेक्रेटरींनी एका कोयीत स्वतःला ओळखलं आणि गणपतीपर्यंत नंदकुमारांशी अबोला धरला. नंदकुमारांना त्याचं खरंच नवल वाटलं. "मी तर प्रेमानं केली होती," ते म्हणत राहिले.

त्यांची मुलगी श्रुती हे विसरली नव्हती. म्हणूनच पंचाण्णवच्या दिवाळीनंतर, तिचा साखरपुडा झाल्यावर, ती तडक सुनीतीबाईंकडे आली.

"मावशी, तुम्हीच सांगा बाबांना. रुखवतात कोयी मांडायच्या म्हणतायत!"

"मग मांडू देत की. सुपारीचे भटजी चालतात, तर कोयीचे व्याही का नाही?"

"अहो, तेच तर! व्याहीच करतायत! वरदच्या घरातला एकूण एक माणूस! साखरपुड्याला गप्प बसून सगळ्यांची नाकं बघत होते ते. मला तेव्हाच शंका आली." श्रुतीचे डोळे भरले. "आमच्या सेक्रेटरींनी तोंड फिरवलं तर जिना बदलता येतो. ते माझं सासर आहे, मावशी. मला त्या घरात जन्म काढायचाय. पहिल्याच दिवशी त्यांना वाटलं की आम्ही त्यांची टिंगल केली, तर?"

बाईंना तिचं म्हणणं पटलं. पण गच्चीवरचा तो एकाग्र चेहराही त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. "त्यांना करू दे," त्या शेवटी म्हणाल्या. "झाल्या की तू बघ. तुला नको वाटल्या तर टेबलावर जाणार नाहीत, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेते."

नंदकुमारांनी एका शब्दात कबूल केलं.

लग्नाच्या चार दिवस आधी वरात तयार झाली. श्रुती हाताची घडी घालून बघायला उभी राहिली. पुढे आल्याच्या गड्ड्याचा घोडा, त्याच्यावर वरद. मागे वरदचे आईवडील, आत्या, कापसाच्या केसांची आजी. सगळ्यांच्या पुढे हात वर करून नाचणारे वरदचे काका, दिनानाथ. साखरपुड्याला याच काकांनी उखाण्यांची अशी काही धमाल उडवली होती की परकेपणा कुठच्या कुठे पळाला होता. त्यांना नाकही तसंच होतं. नंदकुमारांनी शेंगेचं अख्खं टरफल खर्ची घातलं होतं. आणि या सगळ्यांच्या वाटेकडे डोळे लावून, नवरीच्या मुंडावळ्यांखाली तारेचा चष्मा लावलेली एक छोटी कोय दारात उभी होती.

"बाबा! मी लग्नात चष्मा काढणार आहे!"

"मग तुला वरद दिसेल कसा?"

श्रुती हसली, आणि हसता हसता हाताची घडी सुटली. "ठेवा," ती म्हणाली. "पण काही झालं तर बघा हं."

लग्न वाशीतल्याच एका हॉलमध्ये होतं. रुखवताच्या टेबलापाशी सुनीतीबाईंना उभं केलं होतं. एका बाजूला स्मिताच्या क्रोशाच्या रुमालांवर सुपारीचं जोडपं, लाडूंचे मनोरे, साखरेचं तुळशीवृंदावन. मधोमध केळीच्या पानावर कोयींची वरात. वरपक्ष आला आणि दोन मिनिटांत टेबलाभोवती कोंडाळं झालं.

"अगं, ही आत्या बघ! अंबाडासुद्धा तस्साच वाकडा!"

"वाकडा काय, मेल्या? माझा अंबाडा सरळच असतो."

"वरद, घोड्यापेक्षा तूच घाबरलेला दिसतोयस."

बाईंनी खोलीच्या दाराकडे पाहिलं. पिवळ्या साडीतली श्रुती पडद्याआडून बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल होत होता.

तेवढ्यात एक मुलगी ओरडली, "आणि हे दिनाकाका!"

हसणं तिथल्या तिथे थांबलं. कुणी पदर सारखा करू लागलं, कुणी छताकडे पाहू लागलं. वरदचे वडील गर्दीतून पुढे आले. त्यांनी कोयीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे इथे कुणी ठेवायला सांगितलं?"

"मीच ठेवलं," नंदकुमार म्हणाले.

"आमच्या घरातलं चारचौघांत मांडायचं काही कारण?"

पडद्याआड श्रुती पांढरीफटक पडली. बाई काही बोलणार, तोच नंदकुमारांनी अगदी सरळपणानं विचारलं, "पण दिनानाथराव आहेत कुठे? मी सकाळपासून त्यांनाच शोधतोय."

त्यांना खरोखरच काही माहीत नाही, हे सगळ्यांना एकदमच कळलं. शेवटी खुर्चीवरून आजी बोलल्या.

"रुसलाय तो. पत्रिकेत त्याचं नाव जावयांच्या खाली छापलं म्हणून घरी बसलाय. आणि हा मोठा, धाकट्याला फोन केला तर याची जीभ झिजेल!"

"आई, सगळ्यांसमोर नको."

"आता काय लपवायचं राहिलंय? रुखवतात मांडलंय की!" आजी नंदकुमारांकडे वळल्या. "तुम्ही त्याला पुढे का हो ठेवलात?"

"वरातीत पुढे नाचणारं माणूस तेच," नंदकुमार म्हणाले. "साखरपुड्याला आम्ही सगळे अवघडून बसलो होतो. त्यांनी हसवलं. माझी मुलगी ज्या घरात जाणार तिथे असा एक माणूस आहे, हे बघून मला बरं वाटलं होतं."

आजी उठल्या. त्यांनी टेबलावरून धाकट्या लेकाची कोय उचलली, रुमालात गुंडाळली आणि चपला पायांत सरकवून हॉलच्या दाराकडे चालायला लागल्या.

"आई, कुठे निघालीस?"

"नेरूळला. रिक्षा मिळेल मला."

वरदचे वडील क्षणभर तिथेच उभे राहिले. मग लगबगीनं मागे गेले आणि आईच्या हातातला रुमाल त्यांनी काढून घेतला. "बस तू. मी जातो." बाहेर मोकळी अशी एकच गाडी उभी होती, झेंडूच्या माळांनी मढवलेली नवरदेवाची. तीच घेऊन ते निघाले.

"मुहूर्त टळला तर मला बोल लावू नका," भटजी पुटपुटले.

श्रुती शालू नेसून तयार झाली. बाई तिच्या शेजारी बसल्या होत्या. ती नुसती चष्मा हातात घेऊन काच पुसत होती. काच कधीच स्वच्छ झाली होती.

अंतरपाट धरायला मंडळी उठली, तेव्हा दाराशी गलका झाला. फुलांच्या गाडीतून दिनानाथ उतरले. चेहरा अजून फुगलेलाच होता. त्यांच्या मागून त्यांचे थोरले भाऊ उतरले. धाकट्याची टोपी त्यांनी हातात धरली होती. दिनानाथ कुणाकडे न बघता थेट रुखवतापाशी गेले. खिशातून स्वतःची कोय काढून त्यांनी ती वरातीत होती तिथेच, सगळ्यांच्या पुढे ठेवली. मागे सरून पाहिलं.

"व्याहीबुवा," ते गंभीरपणे म्हणाले, "नाक थोडं जास्त झालंय."

"कमीच झालंय," आजी म्हणाल्या.

पहिल्यांदा हसले ते वरदचे वडील. मग हॉलभर हसू पसरलं. पडद्याआडून श्रुतीनंही ते ऐकलं. तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि बाईंना म्हणाली, "चला मावशी. राहू दे हा. मला सगळे नीट बघायचेत."

मंगलाष्टकांमध्ये सगळ्यांत वरचा सूर दिनानाथांचा होता, आणि सगळ्यांत बेसूरही तोच.

रुखवत रिवाजाप्रमाणे श्रुतीबरोबर बेलापूरला गेलं. तिच्या दिवाणखान्यात वरात आजही आहे. पुढचे काका तेवढे तिथे नाहीत. ते दिनानाथांनी मागून नेले आणि नेरूळला आपल्या टीव्हीवर ठेवले. दर मे महिन्यात दिनानाथ रायवळ आंब्यांची करंडी घेऊन वाशीला येतात, आणि दोघे व्याही गच्चीवर बनियनवर बसून आंबे चोखतात. सुनीतीबाईंनाही बोलावणं असतं. खाताना कोयीला दात लावायचा नाही, एवढी एकच अट.

नंदकुमार यंदा निवृत्त झाले. श्रुतीला मुलगी झाली आहे, आणि सध्या ते तिच्यासाठी कोय शोधताहेत. अजून मनासारखी मिळालेली नाही.