रुमालाखालचा तिसरा हात

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात रंगरावांचा कांद्याचा गाळा होता आणि मी संभाजी, त्यांचा तोलणार. शनिवार पेठेतली माणसं मला विचारतात, तोलणार म्हणजे नेमकं काय करायचात? वजन करायचो, अजून काय, कीर्तन?

लोणी काळभोरचे रंगराव दिलेल्या शब्दावर मोठे झाले. मोठा सौदा ते रुमालाखाली करत. दोघांनी आत हात घालायचे, बोटं दाबून भाव ठरवायचा, कागद नाही. बांगलादेशातल्या खुलन्याचे मोतालेबमियाँ दर वर्षी कांदा घ्यायला यायचे. त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी अर्धीच होती. तो हात रंगराव झोपेतही ओळखतील, असं आम्ही चिडवायचो.

अठ्ठ्याण्णव साली कांदा भडकला. दिल्ली निर्यात बंद करणार, ही कुजबुज यार्डात आधीपासूनच होती. मोतालेबमियाँशी रुमालाखाली भाव ठरलेल्या दहा गाड्या भरून उभ्या होत्या. लगेच सोडल्या असत्या तर हद्द ओलांडून गेल्या असत्या. पण इथे भाव तासातासाला चढत होता. रंगरावांनी गाड्या रोखल्या, माल इथेच विकला. मीच तोलला. मग बंदी आली, तेव्हा खुलन्याला फोन लावून म्हणाले, सरकारने दार लावलं, आमचा नाइलाज आहे. मला लाज वाटली, पण तोंड उघडलं नाही. पोट असतं ना.

दिवाळीनंतरच्या पहिल्याच सौद्याला रंगरावांनी हात झटकन बाहेर ओढला. समोर साताऱ्याचा व्यापारी, त्याची पाचही बोटं धड. मला बाजूला घेऊन म्हणाले, आत आणखी एक हात होता. गार, आणि तर्जनी अर्धी. त्याने तोच जुना भाव दाबला. मी म्हटलं, पित्त खवळलंय तुमचं, जेवणं वेळेवर करा. पण पुढच्या सौद्याला मुद्दाम जवळ उभा राहिलो. माणसं दोन आणि रुमालाखाली उंचवटे तीन. आईशप्पथ सांगतो, भर दुपारी बारा वाजता माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

महिनोन्‌महिने हेच. शेजारच्या गाळ्यात कॉम्प्युटर आला. पोरं म्हणायला लागली, काका, आता रुमाल कशाला? रंगराव काही सोडेनात. त्यांनी एकच ध्यास घेतला होता. बंदी उठली की दहा गाड्या जुन्याच भावाने पाठवायच्या आणि मोतालेबमियाँनी एकदा, फक्त एकदा, पुन्हा हातात हात द्यायचा.

बंदी उठली त्याच सकाळी त्यांनी गाड्या भरल्या आणि खुलन्याला फोन लावला. जुना भाव सांगितला, वर भाडंही आमचंच म्हणाले. फोन ठेवल्यावर मियाँचं बोलणं त्यांनी मला सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता.

“म्हणाले, रंगरावभाई, दार सरकारने लावलं असतं तर मी वाट पाहिली असती.”

माल नको होता त्यांना. दुसऱ्या देशातून घेणार होते. गाड्या आमच्याकडेच उभ्या होत्या, हे खुलन्यात बसून त्यांना कसं कळलं, देव जाणे. मी तर सांगितलं नव्हतं.

दुपारी यार्ड रिकामं झालं. रंगराव गाळ्यात एकटेच बसले, मांडीवर रुमाल पसरला आणि आत हात घातला. मी तराजूपाशी उभा राहून पाहत होतो. इतके महिने ज्या हाताला ते घाबरले, त्याचीच वाट बघत होते. तासभर झाला, उंचवटा एकच.

“संभाजी,” ते म्हणाले, “आज आत कोणीच नाही रे.” आणि म्हातारा लहान पोरासारखा रडायला लागला.