चेकरबाई मवाळ झाल्या तेव्हा

शर्टांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तपासणीच्या शेवटच्या टेबलाशी उभं राहिलं, की माणसंसुद्धा उलटी करून त्यांची शिवण बघायची खोड लागते. चेकरबाईंना ती लागली होती आणि तिचा त्यांना चांगला अभिमान होता. शर्ट हातात आला की कॉलरची दोन्ही टोकं एकमेकांवर धरायची, कफ जुळवायचे, काजात नख घालून बघायचं, बगलेची शिवण ताणायची. नापास असेल तर लाल कागद चिकटवायचा आणि शिवणारीला ऐकू जाईल अशा बेतानं विचारायचं, "हे काय डोळे मिटून शिवलंस का गं?" पास असेल तर काही बोलायचं नाही. चांगल्या कामाचं कौतुक कसलं, त्याचाच तर पगार मिळतो!

अशा खमक्या बाईला डिप्रेशन कसं होतं, असं लोक विचारत. लोकांच्या बापाचं काय जातंय विचारायला! तीनदा झालं होतं. पहिल्यांदा नवरा गेला तेव्हा, ते सगळ्यांना पटलं. पुढच्या दोन्ही खेपांना काही कारण नसताना आलं, ते कुणालाच पटलं नाही. नणंद तर म्हणाली, "सुख टोचतंय, दुसरं काय!" तिसऱ्या वेळी चेकरबाई चार महिने भिंतीकडे तोंड करून पडून होत्या आणि लेकीनं परगावच्या प्रयोगशाळेतली हातातोंडाशी आलेली नोकरी सोडून दिली होती.

आता दोन वर्षांनी तशीच नोकरी परत चालून आली होती. रुजू व्हायला दोन महिने होते. डॉक्टर म्हणाले, ज्याला तीनदा झालंय त्याला चौथ्यांदा व्हायचा धोका जास्त. गोळ्या चालू ठेवा, आणि आमच्याकडे दर बुधवारी एक गट बसतो, आठ आठवडे, त्यात या. तिथं लक्ष देऊन श्वास घ्यायला आणि मनात येणारे विचार ओळखायला शिकवतात म्हणे. लेकीनं तिथल्या तिथं सांगून टाकलं, "आई, तू हे नीट पुरं केलंस तर मी जाईन. नाहीतर याही वेळी नाही म्हणून कळवते."

म्हणजे लेकीची नोकरी वाचवायची, तर चेकरबाईंनी श्वास घ्यायला शिकायचं. जन्मल्यापासून फुकट जमतंय ते शिकायला आठ बुधवार! पण लेकीसाठी त्या गेल्या.

खोली दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, एका कोपऱ्यात मोडक्या खुर्च्यांची चळत, जमिनीवर चटया. चटयांच्या कडा उसवलेल्या. शिकवणाऱ्या ताईचा आवाज लोण्याहून मऊ, म्हणून चेकरबाईंनी पहिल्याच दिवशी मनातल्या मनात तिचं नाव मऊताई ठेवलं. मऊताईनं प्रत्येकाच्या तळहातावर एकेक बेदाणा ठेवला आणि म्हणाली, "हा आयुष्यात पहिल्यांदाच पाहत आहात असं समजा. नुसतं निरखा. चांगलं-वाईट ठरवू नका." दहा मोठी माणसं पाच मिनिटं एकेका बेदाण्याकडे बघत बसली. ग्रंथालयातल्या एक बाई तर त्या बेदाण्याकडे बघून रडल्या. चेकरबाईंनी आपला उलटसुलट करून परत केला.

"याला देठ राहिलाय," त्या म्हणाल्या. "दुसरा द्या."

चांगलं-वाईट ठरवू नका म्हणे! हिला एक दिवस माझ्या टेबलाशी उभी करा, संध्याकाळपर्यंत अर्धं गाव एका बाहीनं फिरेल, असं त्यांनी घरी येऊन लेकीला सांगितलं. लेक हसली. पण कॅलेंडरवर झालेल्या बुधवारावर फुली मारायला ती विसरली नाही.

गटात सगळ्यात असह्य माणूस म्हणजे एक निवृत्त बसड्रायव्हर. चटईवर आडवं होऊन पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष न्यायचं, असा एक प्रकार होता. हे गृहस्थ गुडघ्यापर्यंत पोचायच्या आत घोरायला लागत. चेकरबाईंनी त्यांना घोरेश्वर ही पदवी दिली आणि दुसऱ्या बुधवारी तोंडावर विचारलंही, "घरी पलंग नाही का हो तुम्हाला?"

"आहे ना, बाई," ड्रायव्हर म्हणाले. "पण तिथं झोप लागत नाही."

चार बुधवार हे असं चाललं. चटया, ग्रंथालयातल्या बाईंचं रडणं, मऊताईचा आवाज, "हा नुसता एक विचार आहे, तो म्हणजे तुम्ही नव्हे" हे तिचं पालुपद, कशालाच त्यांनी सोडलं नाही. पाचव्या बुधवारी मात्र चेकरबाई गप्प बसल्या. सहाव्यालाही. काहीही विचारलं की म्हणायच्या, "चालेल."

झालं! सगळीकडे आनंदीआनंद. कारखान्यात सुपरवायझर म्हणाला, "बाई, तुमच्या टेबलावर हल्ली माल तुंबत नाही हो." लेक म्हणाली, "आई, आज भाजीवालीशी भांडली नाहीस!" सातव्या बुधवारी मऊताईनं कागद वाटले. आजार परत येऊ लागला तर आधी काय दिसतं, त्या खुणा ज्यानं त्यानं लिहायच्या होत्या. चेकरबाईंनी लिहिलं: झोप उडते, जेवण जात नाही. अजून दोन्हीतलं काहीच झालं नव्हतं. मऊताई सगळ्यांना म्हणाली, "बघा, यांच्यात किती छान बदल झालाय. किती स्वीकार आलाय!" आणि त्या शहाण्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

सुटल्यावर जिन्यात चपला घालताना ड्रायव्हरनं त्यांना थांबवलं.

"बाई, तुम्ही मला तीन बुधवार काही बोलला नाहीत."

"काय बोलायचं?"

"आज मी मुद्दाम घोरलो. टक्क जागा होतो. तुमच्या कानाशी घोरलो, तरी तुम्ही हूं की चूं केलं नाही." ते एक पायरी खाली उतरले. "मला हा आजार पाचदा झालाय. माझी बायको माझं जेवण बघत नाही, झोप बघत नाही. गाडीत बसल्यावर मी पुढच्याला शिव्या घालतो का, तेवढंच बघते. शिव्या थांबल्या की डॉक्टरांना फोन. हा स्वीकार-बिकार काही नाही, बाई. तुम्हाला आता कशाचंच काही वाटेनासं झालंय."

याला सणसणीत उत्तर द्यायला हवं होतं. चेकरबाईंनी शोधलं. सव्वीस वर्षांत शब्दानं दगा दिला नव्हता, त्या दिवशी एक शब्द सापडला नाही. आणि सापडत नाहीये याचा रागही येईना. तेव्हा मात्र त्या घाबरल्या.

दुसऱ्या दिवशी कामावर तासभर आधी जाऊन त्यांनी आपणच पास केलेलं एक खोकं उघडलं. वीस शर्ट. एकाचं काज कापलेलंच नव्हतं. एकाची कॉलर एका बाजूला बोटभर लांब. एकाच्या दोन्ही बाह्या डाव्या! विसातले अकरा शर्ट नापास, आणि प्रत्येकावर त्यांच्या नंबरचा शिक्का. शिकाऊ पोरगीसुद्धा ज्या बाह्या भिरकावून देईल, त्या या हातांनी घडी घालून खोक्यात ठेवल्या होत्या.

मग डोक्यात ती जुनी टकळी सुरू झाली. नालायक. संपलीस. लेकीच्या गळ्यातली धोंड. दर वेळी याच घसरगुंडीवरून घसरत त्या खाली गेल्या होत्या. या खेपेला त्या खोक्यावर बसल्या आणि दात-ओठ खात, एवढा तुच्छ मानलेला तो बुधवारचा धडा त्यांनी करून पाहिला. हा विचार आहे. हाही विचारच आहे. टकळी थांबली नाही. पण ती चालू आहे हे दिसत होतं, आणि दिसत होतं तोवर उठून उभं राहता येत होतं. मऊताईचा एवढा एक टाका पक्का निघाला, हे कबूल करणं त्यांच्या जिवावर आलं.

लाल कागद चिकटवून अकराही शर्ट त्यांनी परत पाठवले. दिवसभर मात्र मनात एकच घोळत होतं. लेकीच्या निघण्याला दहा दिवस उरलेत. दहा दिवस कसेबसे हसत काढायचे, तिला गाडीत बसवायचं, मग पडायचं तर पडू. सांगितलं की ती थांबणार, आणि दुसऱ्यांदा तिच्या आयुष्याचं मातेरं केल्याचं खापर आपल्या डोक्यावर.

संध्याकाळी लेक कपड्यांच्या घड्या घालत होती. चेकरबाई तिच्यासमोर बसल्या.

"मला परत सुरू झालंय," त्या म्हणाल्या. "अडीच-तीन आठवडे झाले असतील. मी मवाळ झाले असं तुम्हाला वाटलं ना, तो आजार होता."

लेकीच्या हातातला कपडा तसाच राहिला.

"मागच्या वेळी तू दीड महिना डबा कुत्र्याला घालत होतीस," ती म्हणाली. "मला ते शेजारच्या काकूंनी सांगितलं. त्याच्या आधीच्या दोन्ही वेळी तर तू पार आडवी पडलीस तेव्हाच कळलं."

"हो."

"आणि या वेळी तू आपणहून सांगतेयस."

"तू जाऊ नकोस म्हणून नाही गं सांगत..."

"आई, ऐक. तुला आजार होईल म्हणून मी अडले नव्हते. तो काय, होईल तेव्हा होईल. मी नसताना तू लपवशील आणि मला एक दिवस कुणाचा तरी भलताच फोन येईल, याची भीती होती मला. रोज होती." लेकीनं कपड्याची घडी पुरी केली आणि बॅगेत ठेवली. "आता सांगितलंस ना. मग मी जाते."

चेकरबाईंना रडू फुटलं. ग्रंथालयातल्या बाईंची एवढी टर उडवलेली, आता स्वतः हुंदके देऊन, नाक ओढत रडल्या. लेकीनं त्यांना पोटभर रडू दिलं आणि मग डॉक्टरांना फोन लावून दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ घेतली.