नांगरवाल्यांची नवी कॅसेट

आमच्या वाडीत रॉक संगीताचा जाणकार एकच होता, आणि तो मी होतो. ही पदवी मला कोणी दिली नव्हती; पण दुसरा उमेदवारच नसल्यामुळे मी बिनविरोध निवडून आलो होतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ‘आयर्न अँकर्स’ नावाच्या विलायती बँडवर माझा भारी जीव. (अँकर म्हणजे जहाजाचा नांगर, म्हणून वाडीत त्यांना ‘नांगरवाले’ म्हणत. देवगड बंदराजवळची माणसं, दुसरं काय म्हणणार!) त्यांची गाणी मला तोंडपाठ होती. अर्थ कळत नव्हता, पण पाठ होती! तेवढ्यात मुंबईचा चुलतभाऊ विन्या याने कळवलं की त्यांची नवी कॅसेट येतेय. झालं! कलमांना मोहोर यायच्या आधीच आंब्याचा भाव सांगणारे बागायतदार आमच्याकडे पुष्कळ. मी तसाच न आलेल्या कॅसेटचं वर्णन करत सुटलो.

“पयला गाणा असा असतला,” मी पडवीत जाहीर केलं, “की अख्खी वाडी साथ देतली! बघित रवा!”

आप्पांनी पेपर खाली केला. आप्पा म्हणजे माझे वडील. शाळेत मास्तर आणि भजनी मंडळात पेटीवर. “वाडी साथ देतली? मेल्या, तुझे नांगरवाले बोंबलूक लागले काय आपलो वाघ्या परसात जावन लपता!”

वाघ्या म्हणजे आमचा कुत्रा. त्याला संगीतातलं काही कळत नाही, असं माझं तेव्हाही मत होतं.

पण भांडणाचं खरं मूळ टेपरेकॉर्डर. मामाने आखातातून आणलेला तो एकच, आणि त्याच्यावर हक्क सांगणारे दोघे. आप्पांना तो भजनी मंडळासाठी हवा होता, मला माझ्या खोलीत. त्या टेपाशिवाय मी जगेन कसा, हे मला खरोखरच समजत नव्हतं. शेवटी आप्पांनीच तोडगा काढला.

“कॅसेट येवंदे. सगळ्यांका खळ्यात बसवून लाव. पयल्या गाण्याक लोक बसान रवले तर टेप तुझो. उठान गेले तर मंडळाचो. आणि आधी गुपचूप आयकूची नाय!”

“कबूल!” मी म्हटलं. हरायचा प्रश्नच नव्हता. टेप खोलीत कुठे ठेवायचा, ती जागासुद्धा मी झाडून ठेवली!

विन्याने नवी गाणी कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतली आणि ओळखीच्या एसटी ड्रायव्हरबरोबर धाडली. मी तळेऱ्याच्या एसटी स्टँडवर जाऊन ती आणली आणि संध्याकाळी अख्खी वाडी घरापुढच्या खळ्यात जमवली. आता फक्त बटण दाबायचं बाकी. तेवढ्यात आई तबक घेऊन आली.

“नवी वस्तू अशीच लावतत काय रे? देवाक सांगूक नको?”

तिने टेपाला हळद लावली, फूल वाहिलं आणि एका बटणाला कुंकू लावलं. मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला.

“आये, एकाक लावलंस ता पुरे!”

“आणि बाकीच्यांनी काय घोडा मारल्यानी?”

बघता बघता सगळी बटणं लालभडक! मूळचं लाल, म्हणजे रेकॉर्डिंगचं बटण कोणतं, हे आता जाणकारालाच ओळखता आलं असतं. (जाणकार म्हणजे मी.)

मग भिकाकाका उठले. देवळात गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागायचा मान त्यांचा. मी मनात हिशोब केला, कॅसेटच्या सुरुवातीला थोडी रिकामी पट्टी असतेच. गाऱ्हाणं सुरू होताना बटण दाबलं, तर बरोब्बर नारळ फुटताना ड्रम वाजतील! मी ऐटीत बटण दाबलं. चाकं फिरू लागली.

“बा देवा म्हाराजाऽऽ! आज ह्या पोरान नांगरवाल्यांची कॅसेट हाडल्यान हा, ती बरी वाजंदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” अख्खी वाडी गरजली.

“त्या नांगरवाल्यांच्या डोक्यार केस वाढले हत, तशीच तांची भरभराट होवंदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

भिकाकाका एकदा सुरू झाले की देवसुद्धा त्यांना थांबवत नाही. कलमांचा मोहोर झाला, आखातातला मामा झाला, एसटीचा ड्रायव्हर झाला. शेवटी नारळ फुटला. ड्रम मात्र वाजले नाहीत. वाघ्या भुंकला.

“काय रे, तुझे नांगरवाले गप कित्याक?” आप्पांनी विचारलं.

“ही शांतता मुद्दाम आसा,” मी ठासून सांगितलं. “मोठे बँड पयली शांतता आयकवतत. समजूक अक्कल लागता!”

लोकांनी माना डोलावल्या. मी आणखी थोडं समजावलं. तेवढ्यात माझी धाकटी बहीण कुंदा पुढे आली आणि तिने बोटाने बटणावरचं कुंकू पुसलं. खालून पुन्हा लालच निघालं!

“दादा, ह्या रेकॉर्डिंगचा बटण ना रे?”

माझ्या पायांखालची जमीन सरकली. मी पट्टी मागे घेतली, या वेळी नीट बघून बटण दाबलं, आणि टेपातून खणखणीत आवाज आला, “बा देवा म्हाराजाऽऽ!”

भिकाकाकांनी दचकून स्वतःलाच हात जोडले. टेपातली वाडी म्हणाली, “व्हय म्हाराजा!” खळ्यातली वाडी त्याहून मोठ्याने म्हणाली, “व्हय म्हाराजा!” टेपातला वाघ्या भुंकला, खळ्यातल्याने त्याला उत्तर दिलं. मग माझा आवाज आला, “समजूक अक्कल लागता!” त्यावर जो हशा पिकला, तो ओसरतोय तोच दुसऱ्या गाण्यातले नांगरवाले मधूनच किंचाळले, आणि वाघ्या परसात पळाला.

“बंद कर रे ता! परत पयला लाव!” सगळे ओरडले.

परत लावलं. आणखी एकदा लावलं. एकही माणूस उठला नाही!

“आप्पा, लोक बसान रवले,” मी शेवटचा प्रयत्न केला. “टेप माझो!”

आप्पांनी चष्मा पुसला आणि लोकांकडे वळले. “पयला गाणा कोणाचा?”

“भिकाकाकांचा!” वाडीने एका सुरात सांगितलं.

टेप भजनी मंडळाकडे गेला. मागोमाग कॅसेटही गेली, कारण सप्त्यात भजन संपलं की लोक तीच मागत. गाऱ्हाण्याखाली पुसलं गेलेलं नांगरवाल्यांचं ते पहिलं गाणं मी आजतागायत ऐकलेलं नाही; पण त्याबद्दल जे छातीठोक सांगितलं होतं, त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. अख्खी वाडी साथ देतली म्हटलेलं. दिली की नाही?